बोरघाटांतून पुढची वाट

पुणें आणि मुंबई यांच्या मधोमध सह्याद्रीनें जो उंच उंबरठा घातला आहे, त्यास आपण बोरघाट म्हणतों. या उंबरठ्याच्या वरच्या अंगास मावळ, खालच्या अंगास कोंकण. वर्षाकाळीं धबधबे पाहण्यास, भाजलेलीं कणसें खाण्यास आणि चिक्कीचे पुडे घेऊन परतण्यास हजारों माणसें लोणावळ्यास जातात. त्यांत गैर असें कांहींच नाहीं. परंतु एखादें मोठें काम दहा-वीस वर्षें आधीं कसें योजावें व तें तडीस कशानें जातें, हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यास कर्जतपासून कामशेतपर्यंतच्या टापूइतकी उत्तम पाठशाळा महाराष्ट्रांत क्वचित् सांपडेल.

हा विषय काढण्याचें कारण असें कीं, आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून आतां एखादा तरी मुलगा, मुलगी अथवा सून अशा कचेरींत असते, कीं जेथें 'टेक्नॉलॉजी रोडमॅप' हा शब्द उठतां-बसतां कानीं पडतो. माझा पुतण्या पुण्याजवळच्या एका कारखान्यांत अभियंता आहे. त्यानें मला त्याचा अर्थ समजावून दिला. मोठ्या कागदावर डावीकडून उजवीकडे वर्षें मांडावयाचीं. वरच्या ओळींत लोकांस केव्हां काय लागेल तें, मधल्या ओळींत त्यासाठीं कोणती वस्तु करावयाची तें, आणि खालच्या ओळींत ती वस्तु होण्यास कोणती यंत्रविद्या केव्हांपर्यंत हाताशीं असली पाहिजे तें लिहावयाचें. मग या तिन्ही ओळी रेघांनीं एकमेकींस जोडावयाच्या. अमेरिकेंतील मोटोरोला कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत ही रीत प्रचारांत आणली. पुढें १९९२ च्या सुमारास तेथील संगणकाच्या चिपा करणाऱ्या सर्व धंद्यानें मिळून असा एक सामाईक पट तयार केला. मी यास 'मार्गपट' म्हणतों.

"काका, पट काढणें कठीण नाहीं," पुतण्या म्हणाला. "आमच्याकडे तीन वेळां काढला. बाहेरचे तज्ज्ञ आले, भिंतभर कागद रंगला, आणि वर्षाच्या आंत तो कपाटांत गेला. विक्रीखात्यास तो कारखान्याचा वाटला, कारखान्यास तो वरिष्ठांचा वाटला."

"मग तो होता तरी कोणाचा?" मीं विचारलें.

"तेंच कोणास ठाऊक नव्हतें."

आपल्या शास्त्रग्रंथांची एक जुनी शिस्त आहे. ग्रंथाच्या आरंभीं चार गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय त्यांत कोणी प्रवृत्त होत नाहीं: ग्रंथाचा विषय कोणता, त्याचें प्रयोजन काय, त्याचा अधिकारी कोण, आणि या सर्वांचा परस्परांशीं संबंध कोणता. यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. कारखान्यांतील त्या कागदावर विषय ठळक अक्षरांत होता. उरलेल्या तिघांचा पत्ता नव्हता. हेच चार प्रश्न मनांत धरून आम्ही दोघे मार्गशीर्षांतील एका सकाळीं मुंबईकडून पुण्याच्या गाडींत बसलों.

कर्जत सुटलें कीं गाडीचा स्वर बदलतो. मागून जोडलेलीं साह्यक एंजिनें रेटूं लागतात, बोगद्यामागून बोगदा येतो, आणि मधल्या उजेडांत खोल दऱ्या क्षणभर दिसून नाहींशा होतात. या घाटांत चाकांची वाट प्रथम झाली ती बैलगाड्यांची, १८३० सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत. पुढें देशावरचा कापूस व इतर माल मुंबई बंदरास झटपट पोंचविण्याची निकड वाढली, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें लोहमार्ग योजिला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याच्या आंखणीप्रमाणें १८५६ च्या जानेवारींत कामास हात लागला. सुमारें २५ किलोमीटरांच्या वाटेंत १८३१ फूट चढावयाचें होतें. पंचवीस बोगदे खोदावयाचे होते. कांहीं ठिकाणीं तर ३७ फुटांस एक फूट इतका उभा चढ. १८६३ सालीं गाडी घाट चढून वर आली.

परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. घाट पुरा होईपर्यंत कंपनी हात जोडून बसली नाहीं. खालच्या बाजूनें १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आणि वरच्या बाजूनें १८५८ च्या जूनमध्यें पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाड्या सुरू झाल्या. मधला तुटलेला भाग उतारू पालखींत, तट्टावर किंवा गाडींत बसून ओलांडीत. म्हणजे दोन्ही टोकांचे तुकडे स्वतःच्या पायांवर उभे राहिले, त्यांनीं कमाई केली, आणि मधला अवघड तुकडा येऊन मिळेल अशी जागाही राखून ठेविली. यालाच मी 'संबंध' म्हणतों. ज्या योजनेचें फळ केवळ शेवटच्या दिवशीं मिळावयाचें, तिच्यावरील लोकांची श्रद्धा मध्येंच आटते. ज्या योजनेचा प्रत्येक टप्पा थोडें तरी पदरांत घालतो, तिला पुढच्या टप्प्याचें बळ आपोआप मिळतें.

दुसरी गोष्ट अधिकाऱ्याची. येथें अधिकारी म्हणजे खुर्चीवर बसणारा नव्हे; ज्याच्या शिरावर कामाचा भार आहे व तो पेलण्याची ज्याची सिद्धता आहे, तो. या घाटाच्या पहिल्या ठेकेदारानें १८५९ सालीं काम सोडलें. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें ठेका टाकून न देतां पुढें चालविला, आणि जाणत्या अभियंत्यांच्या हातीं काम सोंपवून तो पुरा करविला. खुद्द बर्कलेही १८६२ सालीं वारला. घाटांतून गाडी जातांना त्यानें पाहिली नाहीं. आंखणारा गेला, ठेकेदार गेला, तरी काम थांबलें नाहीं. कारण तें एकाच्या डोक्यांत नव्हतें, कागदावर उतरलेलें होतें, आणि तो कागद वाचूं शकणारीं माणसें मागें होतीं. मात्र येथेंच हेंही सांगितलें पाहिजे कीं, १८६१ च्या सुमारास या घाटांत एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते; पटकीनें, तापानें, सुरुंगानें व कडे कोसळून त्यांतील कित्येक हजार येथेंच राहिले. अभियंत्यांचीं नांवें आपणांस पाठ आहेत, त्यांतल्या एकाही मजुराचें नांव आपणांस ठाऊक नाहीं.

तिसरी गोष्ट खंडाळ्याच्या अलीकडची. त्या काळच्या आंखणींत डोंगराच्या सोंडेवर गाडी वळविण्यास जागा नव्हती. म्हणून तेथें एक उलटफेरीचें स्टेशन केलें होतें. गाडी तेथवर यावयाची, एंजिन दुसऱ्या टोंकास लागावयाचें, आणि गाडी पाठीमागें तोंड करून पुढचा चढ चढावयाची. ही कांहीं उत्तम रीत नव्हे. परंतु त्या काळच्या विद्येंत तीच शक्य होती. पुढें १९२९ सालीं घाटांत विजेचीं एंजिनें आलीं, आणि त्याच सुमारास नवी आंखणी करून तें स्टेशन मोडीत काढलें. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १ जून १९३० रोजीं, 'डेक्कन क्वीन' धावूं लागली. त्या वेळचा एकदिश विद्युत्प्रवाहही आतां गेला असून २०१५ पर्यंत त्याची जागा प्रत्यावर्ती प्रवाहानें घेतली. वाफ गेली, जुनी वीज गेली, नवी वीज आली. डोंगरांतील मूळ वाट बहुतांशीं तीच राहिली. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; कार्ल्यास पोंचल्यावर त्याचें काम पडणार आहे.

खंडाळ्याहून लोणावळें अगदीं हाकेच्या अंतरावर. येथील पाणी हा या प्रदेशाचा दुसरा मार्गपट होय. पाऊस येथें चारच महिने, पण असा कोसळतो कीं दोन हात पुढचें दिसूं नये. आणि तें सारें पाणी इंद्रायणीसारख्या नद्यांतून पूर्वेकडे, अखेर पार बंगालच्या उपसागराकडे जावयाचें. घाटाच्या कड्याखालीं मात्र सतराशें फुटांहून अधिक खोलीवर कोंकण. हें पाणी पश्चिमेस वळवून कड्यावरून नळांतून खालीं सोडलें तर त्याच्या जोरावर वीज करतां येईल, ही कल्पना मुंबईचे वास्तुशिल्पज्ञ डेव्हिड गॉस्लिंग यांनीं जमशेटजी टाटा यांच्यापुढें मांडली. जमशेटजींनीं ती मनावर घेतली; परंतु १९०४ सालीं ते निवर्तले. १९१० सालीं टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजीं लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली, आणि बरोबर चार वर्षांनीं, ८ फेब्रुवारी १९१५ रोजीं, खोपोलीच्या विद्युद्गृहांतील यंत्रें सुरू झालीं. येथेंही कल्पना करणारा फळ पाहण्यास उरला नाहीं, आणि फळ मात्र आलें.

वलवणच्या जलाशयाच्या कांठीं उभे राहून पुतण्यानें विचारलें, "काका, धरण आधीं सुचलें कीं गिऱ्हाईक आधीं?"

प्रश्न मार्मिक होता. मुंबईच्या कापडगिरण्या त्या वेळीं वाफेवर चालत आणि त्यांचा कोळसा दुरून आणावा लागे. म्हणजे प्रयोजन आधींच तयार होतें: बारा महिने, ठरलेल्या वेळीं, ठरलेली शक्ति. त्या प्रयोजनांतूनच बाकीचें सारें निघालें. गिरण्या बारा महिने चालतात आणि पाऊस चार महिने पडतो, म्हणून नुसत्या धबधब्यावर चाक बसवून भागणार नव्हतें. आठ महिन्यांची शिधोरी बांधणारीं तळीं हवीं होतीं. म्हणून लोणावळें, वलवण व शिरवतें येथें जलाशय झाले. उंची फार आणि पाणी बेताचें, म्हणून खोपोलीस पेल्टन जातीचीं चाकें बसविलीं, कीं ज्यांच्या वाट्यांवर पाण्याचा बारीक पण भयंकर वेगाचा झोत आदळतो. मुंबई सुमारें सत्तर किलोमीटर दूर, म्हणून उच्च दाबाच्या तारा हव्या. प्रत्येक 'म्हणून' मागच्या गरजेस बांधलेला आहे. ज्या पटांत यंत्र आधीं ठरतें आणि त्यास काम मागाहून शोधावें लागतें, त्यांतील 'म्हणून' सगळे लटके पडतात. पुतण्या यावर बराच वेळ बोलला नाहीं. त्यांच्याकडील पटाची सुरुवात एका नव्या यंत्राच्या नांवानें झाली होती, असें त्यानें मागाहून सांगितलें.

पहिल्या कामाचा पडताळा आल्यावर दुसरें पाऊल पडलें. आंदर मावळांत ठोकरवाडीचें धरण झालें आणि त्याच्या पाण्यावर १९२२ सालीं भिवपुरीचें विद्युद्गृह चालूं लागलें. १९२७ सालीं मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचें. यंत्रांतून सुटलेलें पाणीही वायां गेलें नाहीं. खोपोलीचें पाणी पाताळगंगेस मिळतें. भिवपुरीचें उल्हास नदीस मिळून बदलापूर, अंबरनाथ, कल्याण या बाजूच्या वस्त्यांची तहान भागवितें. गिरण्यांसाठीं योजलेल्या पाण्यावर आज लाखों घरांच्या घागरी भरतात, आणि तिकडे उगमाच्या बाजूस भीमेच्या खोऱ्यांतील लोक, हें पाणी मुळांत आमचें, असें म्हणतात. दोघांचेंही म्हणणें कानावर घेतल्याशिवाय आतां या पटांत नवी रेघ ओढतां येत नाहीं.

दुपारीं आम्ही कार्ल्याचें लेणें पाहण्यास गेलों. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेलें हें चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब व ४६ फूट उंच, आणि सबंध एका कातळांतलें. छतास लाविलेल्या लांकडी कमानी अजून जागच्या जागीं आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें हें काम पुरें करविल्याचा शिलालेख तेथें आहे. शिवाय निरनिराळ्या खांबांवर निरनिराळ्या दात्यांचीं नांवें आहेत, त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. इतक्या मोठ्या कामाचा भार असा वांटला गेला, आणि ज्याचा खांब त्याचें नांव त्याच खांबावर राहिलें. त्या कपाटांत गेलेल्या पटावर असें एक तरी नांव असतें, तर?

पण खरी शिकवण कोरण्याच्या रीतींत आहे. लेणें पायापासून वर बांधीत नाहींत. तें माथ्यापासून खालीं कोरीत येतात. कमानीची गोलाई ठरली कीं खांबांची जागा ठरली. चुकून एक तुकडा अधिक उडाला तर तो परत चिकटत नाहीं.

"येथें दुसरी आवृत्ति काढतांच येत नाहीं," पुतण्या वर पाहत म्हणाला.

हेंच तें मर्म. प्रत्येक मोठ्या योजनेंत कांहीं भाग दगडाचा असतो आणि कांहीं चाकाचा. धरण, बोगदा, घाटाची आंखणी हा दगड. एंजिन, तारा, पाणचक्की हें चाक. बोरघाटानें दीडशें वर्षांत शक्ति दोनदां बदलली आणि वाट टिकविली. दगडाचा भाग कार्ल्याच्या शिल्प्याप्रमाणें पहिला घाव घालण्यापूर्वीं पूर्ण विचारानें ठरवावा लागतो. चाकाचा भाग मोकळा ठेवून दर दोन-चार वर्षांनीं ठरलेल्या तिथीस पुन्हां वाचावा लागतो. चाकाच्या गोष्टी दगडांत कोरून ठेवल्या तर कारखाना जुन्या यंत्राशीं बांधला जातो. दगडाच्या गोष्टी चाकाप्रमाणें रोज फिरविल्या तर कामच उभें राहत नाहीं. बहुतेक मार्गपट फसतात ते या दोहोंची गल्लत झाल्यामुळें.

आणि दगडाचा आणखी एक भाग असा आहे, कीं जो अभियंत्यांच्या कागदावर बहुधा उमटतच नाहीं. तो म्हणजे माणसाची जमीन व घर. तें एकदां पाण्याखालीं गेलें कीं परत येत नाहीं. शेजारच्या मुळशी पेट्यांत धरणाच्या कामास विरोध म्हणून मावळ्यांनीं १९२१ ते १९२४ या काळांत सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांस सेनापति ही पदवी लोकांनीं याच लढ्यांत दिली. धरण झालें, पन्नासांहून अधिक गांवांच्या जमिनी गेल्या. भिऱ्याच्या विजेचा उपयोग कोणी नाकारीत नाहीं. पण ज्यांस आधीं विचारावयाचें त्यांस शेवटीं कळविलें, ही त्या योजनेंतील उणीव शंभर वर्षांनींही भरून निघालेली नाहीं.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर कामशेतच्या पुढें द्रुतगति मार्गावर बऊर लागतें. पवना धरणाचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी तेथें जमले असतां, ९ ऑगस्ट २०११ रोजीं गोळीबार होऊन तिघे शेतकरी मृत्यु पावले. त्यांत एक स्त्री होती. शहरास पाणी हवें होतें, हें खरें. नळांतून नेल्यास गळती व घाण कमी होते, हेंही खरें. म्हणजे विषय होता आणि प्रयोजनही होतें. परंतु धरणाकांठच्या शेतकऱ्याचा त्या पाण्याशीं जो संबंध, तो पटावर त्याच्या समाधानापुरता मांडला गेला नाहीं. तिघांचे जीव गेले आणि काम दहा वर्षांहून अधिक काळ अडून राहिलें. आधीं दहा बैठका घेण्यास वेळ नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब करून पाहावा.

या प्रदेशांत आतां पुन्हां एक मोठा पट उलगडला जात आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्यें टाटा पॉवर कंपनी व महाराष्ट्र शासन यांच्यांत करार झाला: शिरवतें येथें १८०० मेगावॅट व भिवपुरी येथें १००० मेगावॅट, मिळून सुमारें १३,००० कोटि रुपयांचीं, पाणी उपसून साठविण्याचीं विद्युत्केंद्रें. सूर्याची वीज दुपारीं विपुल असते व दिवेलागणीस नसते. म्हणून दुपारच्या विजेनें खालचें पाणी वर चढवावयाचें आणि संध्याकाळीं तें खालीं सोडून वीज घ्यावयाची. भिऱ्यास या जातीचें १५० मेगावॅटचें यंत्र पूर्वींच चालूं झालेलें असल्यामुळें विद्या नवखी नाहीं. ज्या तळ्यांनीं एके काळीं पावसाळ्याचें पाणी उन्हाळ्यासाठीं राखलें, तींच आतां दुपारची शक्ति रात्रीसाठीं राखणार. जमशेटजींच्या काळीं हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. परंतु तेव्हांचा दगड नीट बसविला होता, म्हणून आजचें चाक त्यावर बसूं शकतें. या नव्या पटावर घाटमाथ्यावरील गांवकऱ्यांची ओळ कोठें आहे आणि ती कोणीं लिहिली, यावर त्याचें पुढील भवितव्य बरेंचसें अवलंबून राहील.

तेव्हां ज्या घरांतील मुलामुलींच्या हातीं असे कागद येतात, त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं त्यांस यंत्राविषयीं कांहीं सांगण्याची गरज नाहीं. तें त्यांस आपल्याहून अधिक कळतें. मात्र जेवणाच्या पंगतींत इतकें अवश्य विचारावें: हें कोणाच्या गरजेसाठीं आहे, तूं उद्यां तेथें नसलास तर हें कोण पुढें नेईल, मधल्या टप्प्यावर काम थांबलें तरी कोणाच्या पदरांत काय पडेल, यांतलें पुन्हां न फिरवितां येणारें कोणतें, आणि तें ज्यांच्या अंगावर येणार त्यांस तूं भेटलास का? पुतण्यानें हे प्रश्न वहींत टिपून घेतले आहेत. चौथ्या वेळीं पट काढतांना त्यानें बाहेरच्या तज्ज्ञांस बोलाविण्याआधीं विक्रीखात्यांतील दोघांस व यंत्रावर काम करणाऱ्या तिघांस घेऊन बसावें, असें ठरलें आहे. आणि पटाच्या प्रत्येक ओळीसमोर, कार्ल्याच्या खांबांप्रमाणें, एकेक नांव घालावयाचें आहे.